वावरात जायच्या आधीची चाळीस मिनिटं

"दिवसभर वावरात राबतो नं, आमाले अजून कायले योग पायजे?" गावात हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण निंदण असो, कापसाची वेचणी असो की धानाचा परा, म्हणजे रोपं लावणं, अंग दिवसभर पुढेच वाकलेलं असतं. ओटीत कापूस भरत जातो तसा कंबरेवरचा भार वाढतो आणि श्वास छातीतच अडकल्यासारखा वरवर चालतो. म्हणून सकाळी याच्या उलट करायचं. पाठ मागे न्यायची आणि श्वास खोल पोटापर्यंत घ्यायचा.

उन्हाळ्यात पाचला सुरुवात करा, कारण आपल्या विदर्भात पारा पंचेचाळिसावर जातो आणि सात वाजताच ऊन तापायला लागतं. हिवाळ्यात सहाला बसलं तरी चालेल. उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी घोट घोट प्या आणि पोट साफ होऊ द्या. चहा नंतर. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर अजिबात नाही. ज्यांची सकाळ खर्ऱ्यानेच सुरू होते, त्यांनी निदान हा तास तरी तोंड रिकामं ठेवून बघावं.

सडा टाकलेलं आंगण ओलं असतं, म्हणून ओसरीवर दरी अंथरा. थेट आसनाला लागू नका, रात्रभर अंग आखडलेलं असतं. घोटे, गुडघे, खांदे आणि मनगटं पाच-पाच वेळा हळू फिरवा. मान फक्त उजवीकडे-डावीकडे आणि खाली-वर न्या, गरगर फिरवू नका.

मग ढोरासारखं तळहात आणि गुडघ्यांवर या. श्वास घेताना पाठ खाली सोडून मान वर, श्वास सोडताना पाठ वर उचलून मान खाली. हे मार्जारासन, दहा वेळा.

यानंतर भुजंगासन. माझा सगळ्यात जास्त भर यावरच असतो. पालथं झोपा, कपाळ दरीवर टेकवा, तळहात छातीच्या बाजूला आणि कोपरं अंगाला लागून ठेवा. श्वास घेत आधी हनुवटी, मग छाती उचला. बेंबी जमिनीलाच राहू द्या. बहुतेक जण हातांनी रेटा देऊन वर चढतात आणि कंबरेत कळ आली की सोडून देतात. वर गेल्यावर तळहात क्षणभर दरीवरून उचलून पाहा. हाताशिवाय छाती जिथे टिकते, तेवढीच तुमची उंची. माझ्या आईची छाती पहिल्या दिवशी जेमतेम चार बोटं उचलली गेली होती. आम्ही ती चार बोटंच महिनाभर धरून ठेवली. वेचणीच्या दिवसांत कूस बदलताना ती कण्हायची, ते हळूहळू कमी झालं. पाच श्वास थांबा, खाली या, असं तीनदा करा. मग उताणं होऊन दोन्ही गुडघे पोटाशी कवटाळा, म्हणजे कंबर मोकळी होते.

सूर्यनमस्कार तीनपासून सुरू करा आणि आठवड्याला एक-एक वाढवत बारापर्यंत न्या. गरोदर बायकांनी, हर्निया किंवा मणक्याची गादी सरकलेल्यांनी आणि बीपी फार वाढलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भुजंगासन, सूर्यनमस्कार किंवा कपालभाती करू नये. शिकवणारं कुणी जवळ असेल तर एकदा समोर बसून शिकून घ्या. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने विदर्भात हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे.

प्राणायामाला मांडी घालून ताठ बसा. गुडघे दुखत असतील तर खाटेच्या काठावर बसा. डाव्या नाकपुडीने चार अंक मोजत श्वास घ्या, उजवीने सहा अंक मोजत सोडा. मग उजवीने घ्या, डावीने सोडा. सुरुवातीला श्वास रोखू नका. पाच मिनिटं पुरेत. आदल्या दिवशी फवारणी केली असेल आणि डोकं गरगरत असेल, मळमळत असेल किंवा डोळ्यांची आग होत असेल, तर अभ्यास बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे आपण विसरायचं नाही.

शेवटी दहा मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसा. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीत पहाटेचं सामुदायिक ध्यान असतं. गावात चार घरं जमवून तसं बसता आलं तर फारच चांगलं, कारण एकट्याने बसणं लवकर सुटतं. मनात कापसाचा भाव येईल, सोसायटीचं कर्ज येईल, पोरीच्या लग्नाची काळजी येईल. येऊ द्या, आणि परत श्वासाकडे या. कर्ज याने फिटत नाही, पण काळजीच्या भरात भलताच निर्णय घेण्याआधी थांबायची सवय लागते. तरीही झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर नुसत्या ध्यानावर राहू नका. घरच्यांशी बोला आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

ओलिताच्या हंगामात पंपाची लाईन, म्हणजे वीज, बऱ्याचदा रात्रीची असते. रात्रभर पाणी देऊन पहाटे घरी आलेल्या माणसाने आसनं करू नयेत, झोपावं. उठल्यावर नुसता प्राणायाम पुरे. आणि वेचणीच्या दिवसांत दोन-दोन तासांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहा, ओटी सोडून ठेवा, दोन्ही तळवे कंबरेवर टेकवा आणि तीन श्वास हळूच मागे झुका.