हॅपी बर्थडे, सहाव्या भोकापासून

माझं सेलूत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ड्रॉवरमधून माउथ ऑर्गन निघतो. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळं करायच्या तेवढ्या चुका करून झाल्या. सगळ्यात मोठी केली ती भाचीच्या सहाव्या वाढदिवसाला, अख्ख्या गल्लीसमोर. तीन ओळी झकास वाजल्या. चौथ्या ओळीचा पहिलाच सूर असा काही निघाला, की पोरगी केकात घातलेली सुरी तशीच धरून माझ्याकडं बघायला लागली.

गाणं हॅपी बर्थडेच होतं, आणि एवढं होऊनही नवख्यानं पहिलं हेच घ्यावं असं माझं मत आहे. चारच ओळी. चाल लहानपणापासून डोक्यात बसलेली, त्यामुळं कुठं चुकलं ते दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. अमेरिकेत केंटकीच्या हिल बहिणींनी ही चाल बालवाडीच्या पोरांसाठी केली, १८९३ साली ती छापली गेली; तेव्हा बोल वाढदिवसाचे नव्हते, 'गुड मॉर्निंग'चे होते. दुकानात माझ्या हातात बाजा दिसला की लोक 'शोले'तल्या जयची धून मागतात. ती भानू गुप्तांनी वाजवलेली. तिच्या मागं पहिल्या महिन्यात लागू नका.

बाजा घेताना भोकं मोजा. जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात मिळतो तो बहुतेक दोन ओळींचा, २४ भोकांचा असतो. त्याचा आवाज थरथरता, गोड असतो, पण खाली दिलेले आकडे त्याला लागू पडत नाहीत. आपल्याला १० भोकांचा पाहिजे आणि त्यावर 'सी' लिहिलेलं पाहिजे. भजनी मंडळातली माणसं ज्याला पांढरी एक म्हणतात, तीच ही पट्टी. घरात पेटी असेल तर सूर तिच्यावर तपासता येतात. आकडे वरच्या बाजूला आणि १ डाव्या हाताला, असा धरा.

पेटीचा भाता पुढं ढकला की मागं घ्या, दाबलेला सूर तोच राहतो. इथं तसं नाही. एकाच भोकात फुंकलं तर एक सूर, हवा आत ओढली तर दुसरा. चौथ्या भोकात फुंकलं की सा, ओढलं की रे. पाचव्यात ग आणि म. सहाव्यात प आणि ध. इथवर सरळ आहे. सातव्यात मात्र उलटं होतं: ओढलं की नी, फुंकलं की वरचा सा. तिथून पुढं सगळीकडं ओढलेला सूर त्याच भोकातल्या फुंकलेल्यापेक्षा खालचा. आठव्यात ओढून रे, फुंकून ग. नवव्यात ओढून म, फुंकून प. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आठवडाभर बाजाच खराब निघाला म्हणून विकणाऱ्याला शिव्या देत होतो.

पहिले चार-पाच दिवस गाण्याला हातच लावू नका. एकच सूर सुटा काढायचा. ओठ शिट्टीला करतो तसे, पण सैल, आणि बाजा ओठांच्या ओल्या भागापर्यंत आत. नुसता कडेला टेकवला तर शेजारची दोन भोकंही बोलतात. जोर लावायचा नाही. बशीतल्या चहावरची साय सरकवायला जेवढी फुंकर लागते तेवढी पुरे. वरच्या भोकांचे रीड, म्हणजे आत थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या, आखूड असतात, त्यांना तर त्याहून कमी. जोर लावला की ते मुकेच होतात आणि माणूस अजून जोर लावतो.

आता सुरुवात कुठून करायची. मी त्या दिवशी चौथ्या भोकापासून केली होती, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. रात्री अण्णांनी पेटी काढली. चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवलेला माणूस. माझ्यासारखंच पांढरी एकपासून वाजवत गेले आणि चौथ्या ओळीला त्यांचं बोट काळी पाचवर पडलं.

"हे बघ," म्हणाले, "इथं काळी लागायली. तुझ्या त्या डबीत काळ्या पट्ट्या आहेत का?"

"नाहीत."

"मग तिथून काहून सुरू करायलास?"

मी सातव्या भोकात ओढून पांढरी सात वाजवली होती. अर्ध्या सुरानं वर. तिसऱ्या भोकापासून, म्हणजे खालच्या प पासूनही करून बघितलं. तिथं गाण्याचा तिसराच सूर अडतो, कारण खालच्या सप्तकात ध सरळ मिळत नाही. तिसऱ्या भोकातला नी वाकवून, म्हणजे ओढताना तोंडाचा आकार बदलून खाली उतरवून, तो काढतात, पण ते नंतरचं काम. उरलं सहावं भोक. तिथून मात्र सगळे सूर जागेवर आहेत.

मी वहीत असं लिहितो: फुं म्हणजे फुंकायचं, ओ म्हणजे ओढायचं.

६फुं ६फुं ६ओ ६फुं ७फुं ७ओ
६फुं ६फुं ६ओ ६फुं ८ओ ७फुं
६फुं ६फुं ९फुं ८फुं ७फुं ७ओ ६ओ
९ओ ९ओ ८फुं ७फुं ८ओ ७फुं

पहिल्या दोन ओळींना दोन दिवस पुरतात. दोन्हींत फरक फक्त शेवटच्या दोन सुरांचा.

तिसरी ओळ खरी अवघड. ६ वरून थेट ९ वर उडी आहे. डोळे मिटून उडी मारू नका, आधी फुंकत फुंकत ६, ७, ८, ९ असे सरकत जा. फुंकताना ही चारही भोकं प, सा, ग, प अशी एकमेकांशी जुळणारी आहेत, त्यामुळं वाटेत ७-८ चा स्पर्श झाला तरी कानाला खटकत नाही. मग हळूहळू मधलं सरकणं जलद करा. ओठ हलवायचे नाहीत, बाजा डावीकडं सरकवायचा.

दुसरी भानगड श्वासाची. दुसरी ओळ फुंकून संपते आणि तिसरी सलग पाच वेळा फुंकून सुरू होते. मधे नाकानं श्वास घेतला नाही तर ९ वर पोचेपर्यंत छाती रिकामी. तिसरीचा शेवट आणि चौथीची सुरुवात मिळून ओढणंच सलग चार वेळा. तिथं उलट करायचं, थोडी हवा नाकानं सोडून द्यायची. वहीत या दोन जागी मी लाल पेनानं 'नाक' असं लिहून ठेवलंय.

नाव तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या दोन सुरांवर येतं. पिंकी, राजू अशी दोन अक्षरी नावं तिथं बरोबर बसतात. ज्ञानेश्वर असेल तर ७ओ दोनदा-तीनदा वाजवून घ्या, कुणी तक्रार करत नाही.

रोज पंधरा मिनिटं धरली तर तीन आठवड्यांत गाणं बसतं. उन्हाळ्यात आमच्याकडं ओठ भाजल्यासारखे सुकतात, बाजा ओठावर अडकतो. वाजवायच्या आधी पाणी प्या आणि त्याच पाण्यानं चूळ भरा. सुपारी, तंबाखू खाणाऱ्यांनी तर भराच. गोड चहा पिऊन लगेच वाजवलं तरी रीड चिकटतात. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर चार वेळा आपटा, थुंकी निघून जाते.

सातव्या वाढदिवसाला चौथी ओळ नीट वाजली. अण्णांनी मान हलवली. भाचीनं मात्र क्रीमनं भरलेल्या तोंडानं बाजा ओढून घेतला आणि फुंकला. दुसऱ्या दिवशी ९ओ बंद. दोन स्क्रू काढून खालचा पत्रा सोडवला, मऊ ब्रशनं रीडच्या रिव्हेटकडून मोकळ्या टोकाकडं असं साफ केलं. उलट्या दिशेनं ब्रश फिरवला तर रीड उचकटतो. ९ओ बोलायला लागला, पण अजून जरा बसकाच आहे.