जाहिरात-मोजणी आणि खासगीपणा: वादविवादात बाजू कशी मांडावी

फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या एखाद्या महाविद्यालयात ‘वापरकर्त्याची ओळख न उघडता जाहिरातींचा परिणाम मोजणे योग्य की नाही’ या विषयावर वादविवाद होणार असेल, तर बाजू निवडण्याआधी अशा मोजणीत ब्राउझर नेमके काय करतो हे कागदावर मांडून घ्यावे. पणजीतल्या हॉटेलची जाहिरात पाहून कोणी खोली आरक्षित केली, तर ब्राउझर त्या नोंदीचे दोन तुकडे करून ते दोन स्वतंत्र सर्व्हरांकडे पाठवतो. एकट्या तुकड्यावरून काहीच उमगत नाही आणि जाहिरातदाराला मिळते ती केवळ अनेकांच्या नोंदींची बेरीज, तीही मुद्दाम थोडी धूसर केलेली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकूण मिरची किती खपली ते कळावे, पण कोणाच्या पिशवीत किती गेली ते कळू नये, तसेच हे.

समर्थकांनी या गणितावर भर द्यावा. विरोधकांनी मात्र गणिताशी झुंजत बसू नये (तिथे बहुधा हारच होते), तर संमतीचा मुद्दा धरावा: फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने जुलै २०२४ मध्ये त्याच्या १२८ व्या आवृत्तीत अशा मोजणीची सोय प्रयोग म्हणून, पण वापरकर्त्याला न विचारता आधीपासूनच चालू करून दिली आणि सप्टेंबरमध्ये खासगीपणाच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नॉयब या संस्थेने ऑस्ट्रियाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार केली. दोन्ही सर्व्हरांचे चालक संगनमत करणार नाहीत, या विश्वासावरही बोट ठेवता येते.

माझ्या मते सर्वांत अडचणीचा प्रश्न वेगळाच आहे. कुकींद्वारे (संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींद्वारे) वापरकर्त्याचा माग काढण्याची जुनी पद्धत चालूच राहिली, तर ही मोजणी तिची जागा घेते की तिच्यात भर घालते? समर्थकांनी याचे उत्तर तयार ठेवूनच मंचावर जावे.