ट्रस्टची स्कॉलरशिप भरताय? आधी फीचं पत्र हातात घ्या

आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याची) फुकट सीट आठवीपर्यंतच, नववीपासून त्याच शाळेत पूर्ण फी, आणि पोरीला तिथून काढायचं नसेल तर एखाद्या ट्रस्टची नाहीतर कंपनीची स्कॉलरशिप शोधणं आलंच. शोधायला आठवीच्या दिवाळीतच लागा, निकाल लागल्यावर धावपळ करून काही होत नाही.

आधार, मार्कशीट, फोटो, हे काय सांगायचं. नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं पाह्यजे, बस.

आता मेन कागद. शाळेच्या लेटरहेडवर फीचं पत्र. मागच्या साली आमची बाकी सगळी फाईल तयार होती, हाच नव्हता, फॉर्म गेला तो गेलाच. बरेच ट्रस्ट पैसे आपल्या हातात देतच नाहीत, सरळ शाळेच्या खात्यात टाकतात, म्हणून पत्रावर पोरीचं नाव, येणाऱ्या वर्षाचं साल, ट्यूशन फी वेगळी, बस वेगळी, शाळेचा खाते नंबर, बँकेचा आयएफएससी कोड, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, एवढं सगळं पाह्यजे. जुनी पावती चालत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला फीचा फोटो तर नाहीच नाही. शिक्का मारताना समोर उभे राहा, बाबू लोक धाडकन मारून देतात आणि खाते नंबरचे शेवटचे आकडे शाईखाली जातात. आयएफएससीचं पाचवं अक्षर नेहमी शून्य असते, टाईप करणारा तिथं इंग्रजी ओ ठोकते, तेही पाहून घ्या.

आणि पत्र एप्रिलमध्येच घ्या. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, फॉर्मची तारीख आपल्या उन्हाळ्यासाठी थांबत नाही. मे महिन्यात 45 डिग्रीत गेले तर गेटवर चौकीदार भेटन, सही करणाऱ्या मॅडम गावाला.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, सेतू केंद्रातून काढा नाहीतर ‘आपले सरकार’ पोर्टलवरून. त्यावर वैधतेची तारीख असते, बहुतेक 31 मार्च, म्हणून फेब्रुवारीत हौसेनं काढलेला जूनमध्ये रद्दी. रोजीवाल्यांजवळ पगाराची स्लिप कुठून येणार, तलाठ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र लागते, त्यात वेळ जाते.

शाळा बदलायची असेल तर ट्रस्टला आधी विचारा, कुठलीही शाळा चालते की त्यांच्या यादीतलीच. पूर्ण फी देतात की अर्धी, हेही. नागपुरात नंदनवनहून सिव्हिल लाईन्सची शाळा धरली आणि व्हॅनचा हिशोबच नाही केला तर फी माफ होऊनही खिसा खालीच राह्यते ना भाऊ.

फॉर्म भरताना मोबाईल नंबर घरचाच टाका, झेरॉक्सवाल्याचा नको, ओटीपी त्याच्याकडे जाते. कोणी प्रोसेसिंग फी मागितली तर तिथूनच परत फिरा. आणि अपलोड करायच्या आधी फीचं पत्र परत एकदा उघडून पाहा, सही आहे, शिक्का आहे, साल नवीन आहे? बरं.

ट्रस्टवाले घरी पाहायला आले तर फ्रिजवर चादर टाकत बसू नका, खरं सांगा, दाखल्यावरचा आकडा आणि तोंडचा आकडा एकच पाह्यजे. पोरीला बोलू द्या.

स्कॉलरशिप मिळाली तर पैसे जमा झाल्याची पावती शाळेकडून मागून ठेवा. रिन्युअलला मार्कशीट, नवा दाखला, आणि फीचं पत्र परत नवीन, जुन्याची झेरॉक्स लावू नका.