शाळेशाळेत गोष्टी सांगत फिरताय? या चुका टाळा

गगनबावड्याकडच्या एका शाळेत जुलैत गेलो होतो. पत्र्याचं छप्पर, समोर ऐंशीएक पोरं. राक्षस गुहेतून बाहेर पडायला आणि पत्र्यावर पाऊस कोसळायला एकच गाठ पडली. मी आवाज चढवला, पावसानं त्याहून चढवला. पंधरा मिनिटांत मागच्या रांगांनी आपापले खेळ सुरू केले. पहिल्या रांगेतली एक मुलगी तेवढी माझ्या तोंडाकडं बघत होती, तीही दयेनं. दुसऱ्या दिवशी घशातून शब्द फुटेना आणि पुढच्या दोन शाळांना नाही म्हणायची वेळ आली.

पावसाशी ओरडून भांडायचं नाही, ही पहिली गोष्ट. आता सर आली की मी पोरांना गुडघ्याला गुडघा लागेल इतकं पुढं ओढतो आणि राक्षसाला मुका करून टाकतो. तो नुसते हातवारे करतो, आणि तो काय म्हणतोय ते पोरं ओरडून सांगतात. सर ओसरली की राक्षसाला वाचा फुटते. कधी कधी मुका राक्षसच जास्त रंगतो.

घसा बसलाच, तर दुसरी चूक करू नका. कुजबुजत बोललं की घशाला आराम मिळतो, असं वाटतं. उलट ताण वाढतो. सारखं खाकरणंही तसंच. कोमट पाणी आणि दोन दिवस चक्क गप्प बसणं, एवढंच. तीन आठवडे उलटूनही आवाज परतला नाही, तर काढे पीत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तांबड्या रश्श्यानं घसा मोकळा होतो, हे कोल्हापुरात कुणीही छातीठोक सांगेल. प्या की, पण कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नको. रात्री आंबट वर आलं की सकाळी आवाज खरखरतो.

एसटीतून उतरून थेट पोरांसमोर उभं राहू नका. अर्धा तास आधी पोचा आणि बसायची जागा बघा. ऊन पोरांच्या डोळ्यांवर येत असेल तर जागेची अदलाबदल करा, ऊन तुमच्या तोंडावर येऊ दे. तुमच्या पाठीमागं रस्ता नको. कारखान्यांचा हंगाम चालू असला की दोन ट्रॉल्या ऊस लावलेला ट्रॅक्टर गाणी वाजवत जाणारच, आणि त्याच्यापुढं तुमचा राजा, प्रधान सगळे फिके. शक्यतो खिचडीच्या आधीची वेळ मागून घ्या. पोट भरलेली पोरं गोष्ट ऐकत नाहीत, पेंगतात. शनिवारी सकाळची शाळा असते, हेही विसरू नका. मी विसरलोय. दुपारी दोन वाजता शाळेला कुलूप आणि पटांगणात दोन शेरडं.

‘बालवाडी ते सातवी एकत्रच बसवतो, तेवढंच सगळ्यांना ऐकायला मिळेल,’ असं फोनवर सांगतात. शक्य असेल तर दोन गट करून घ्या. धाकट्यांना वीस मिनिटं पुरतात. गट होतच नसतील तर सातवीच्या पोरांना कामाला लावा. करवंट्यांवर घोड्यांच्या टापा, तोंडानं वारा, थाळीवर वीज. रिकामी बसली तर ती तुमचीच नक्कल करतात, आणि बरी करतात! एखादं लहानगं घाबरून रडायला लागलं तर त्याच्यावर विनोद करू नका. त्याच्याकडं न बघता राक्षसाला एक शिंक द्या. चार-पाच शिंका झाल्या की रडणं थांबतं.

आता सगळ्यात मोठी चूक. ती मी बरीच वर्षं केली. गावाचं गावातल्या पोरांना आपणच समजावून सांगायचं. दाजीपूरचं जंगल 1958 पासून अभयारण्य आहे, गव्यांसाठी प्रसिद्ध. तिकडच्या एका शाळेत मी माणसं खाणारा गवा रंगवला. पुढ्यातला पोरगा शांतपणे म्हणाला, ‘सर, गवा माणसं नाही खात. आमचं भात खातो.’ सगळा वर्ग हसला आणि पुढची गोष्ट त्यानंच सांगितली : बापानं डबा बडवून रात्र कशी काढली, कुत्रं कुठं लपलं. तेव्हापासून सुरुवातीला पाच मिनिटं मीच विचारतो. गडहिंग्लजच्या बाजूला घरात कानडी बोलणारी पोरं भेटतात, ती वाघाला ‘हुली’ म्हणतात. मग त्या दिवशी माझाही वाघ हुलीच. ऊसतोडीच्या पालावर बीडकडची पोरं असतात, त्यांचे शब्द निराळे. शब्द ऐकून हसू नका, मागून घ्या.

तात्पर्यही नको. टेंबलाई देवीची गोष्ट कोल्हापूरच्या पोराला पाठ असते : अंबाबाईनं कोल्हासुर राक्षसाला मारलं, आनंदाच्या भरात टेंबलाईला बोलवायचं राहिलं, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून नवरात्रातल्या पंचमीला अंबाबाईची पालखी तिला भेटायला जाते आणि कोहळा फोडतात. मी घाईनं ‘म्हणून कुणाला विसरू नये’ म्हणून टाकलं. तेवढ्यात एकीनं हात वर केला होता, ‘बोलवायचं काम कुणाकडं होतं?’ पण तोवर मुख्याध्यापकांनी माईक घेतला होता, ‘तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?’ हात खाली गेला. आता मी आधीच विनंती करतो, आभार माना, पण गोष्टीचा अर्थ सांगू नका. बहुतेक जण ऐकतात.

राहिले पैसे. मानधन किती आणि प्रवासखर्च त्यातच की वेगळा, हे फोनवरच ठरवा, संकोच करू नका. आणि परतीची शेवटची एसटी कधी, ते शिपायाला विचारा, गुरुजींना नको. ते मोटारसायकलवर येतात. एकदा ती चुकली. खिशात चाळीस रुपये, हातात शाल आणि नारळ. दुधाच्या टेम्पोवाल्यानं रंकाळ्यापर्यंत आणून सोडलं. पैसे घेईना, म्हणून नारळ दिला, आणि वाटेत राक्षसाची गोष्टही सांगावी लागली.