जुन्या शिडाच्या बोटीला रंग देण्याआधी
आधीचा रंग कोणता आहे हे माहीत नसेल, तर नवा डबा उघडू नका. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं एखाद्या कोपऱ्यात दहा मिनिटं चिकटवून ठेवा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला, तर त्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन (दोन भाग मिसळून लावायचा कडक रंग) चढवू नका, खालचा थर उचलून येईल. घासण्याआधी मेण आणि ग्रीस पुसून काढा, नाहीतर पॉलिशपेपर तेच ओरखड्यांत दाबून बसवतो. पाण्याखालच्या भागाचा जुना रंग मात्र कोरडा घासायचाच नाही. त्यात बहुधा तांब्याची संयुगं असतात, धूळ विषारी. ओलं घासा, मास्क लावा, गाळ पाण्यात सोडू नका. आणि दव पडायच्या बऱ्याच आधी ब्रश खाली ठेवा. ओल्या रंगावर दव बसलं की चकाकी गेलीच.