सेन्सर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा

ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या) शेडमधला तापमान-सेन्सर बहुतेकदा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावतात, आणि घोळ तिथेच होतो. गरम हवा वर चढते. वर ३३ अंश दिसत असताना खाली तुसावर पिल्लं गारठून एकमेकांवर चढलेली असतात. सेन्सर दोरीने पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा आणि पक्षी वाढतील तसा वर घ्या. ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देणाऱ्या हीटरच्या) थेट खाली, पाण्याच्या निपलजवळ किंवा पडद्याच्या फटीसमोर मात्र नको.

पहिल्या दिवशी ३२ ते ३३ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत २१ पर्यंत.

पिल्लांच्या प्रत्येक बॅचआधी सेन्सरचा वॉटरप्रूफ प्रोब (तापमान मोजणारं टोक) चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात बुडवून ढवळा. काही मिनिटांनी ० अंश दिसायला हवं. एक अंशाहून जास्त फरक असला तर कंट्रोलरमध्ये (सेन्सरच्या रीडिंगवरून शेडचं तापमान सांभाळणाऱ्या यंत्रात) तेवढी दुरुस्ती टाका. धूळ बसली की रीडिंग उशिरा बदलतं, म्हणून आठवड्यातून एकदा मऊ ब्रश फिरवा.

अजून एक: वीज गेली की इंटरनेटचा राउटर बंद पडतो आणि त्यावरून मोबाइलवर येणारा तापमानाचा अलार्मही. कंट्रोलरसोबत राउटरलाही बॅटरी बॅकअप द्याच.