वायरलेस कॅमेऱ्याच्या ट्युटोरियलमधल्या तुटक्या लिंका: नव्याने हात लावणाऱ्यांसाठी

ओपन सोर्स प्रकल्पात नवा माणूस आला की त्याला बहुतेकदा पहिलं काम मिळतं ते मेलेल्या लिंका शोधून बदलण्याचं. कोड न वाचता करता येईल असं काम, हा त्यामागचा समज. वायफायवरून कॅमेरा चालवण्याच्या ट्युटोरियलमध्ये मात्र हा समज फसतो. तिथली लिंक ही बहुधा एक पायरी असते: ही लायब्ररी उतरवून घ्या, हे बोर्ड पॅकेज जोडा, कमांडची यादी इथून घ्या. लिंक बदलली, पान उघडलं, पण पलीकडे पुढच्या पिढीच्या कॅमेऱ्याच्या कमांड असल्या, तर वाचकाचं शटर पडत नाही आणि का पडत नाही हे कळायला त्याला मार्गही राहत नाही. ४०४ (पान नाही) दिसला असता तर निदान दोष लिंकेचा आहे एवढं तरी समजलं असतं. म्हणून चुकीच्या जागी नेणारी चालू लिंक आमच्या लेखी मेलेल्या लिंकेपेक्षा घातक.

सुरुवात मोजणीने करावी. लिंकचेकर किंवा लीचीसारखं साधन सगळ्या मार्कडाउन फायलींवर चालवलं की यादी हाती येते. ती जशीच्या तशी खरी मानू नका. लिंकेपुढचा आकडा म्हणजे सर्व्हरचं उत्तर, तो आधी वाचा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पान नाही, ४१० म्हणजे ते मुद्दाम काढून टाकलंय. या दोन्हींवर काम करायचं. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार विनंत्या गेल्या. गिटहबच्या शेकडो लिंका एका दमात तपासल्या की हे होतंच. वेग कमी करून किंवा गिटहबचं टोकन (ओळखीची किल्ली) देऊन पुन्हा तपासा. ४०३ बऱ्याचदा सर्व्हरने साधनाला रोबो समजून अडवल्यामुळे येतो, ब्राउझरमध्ये तेच पान नीट उघडतं. ४०५ आला तर साधन फक्त हेड विनंती (पान न मागता त्याची माहिती मागणारी) पाठवतंय आणि सर्व्हरला ती चालत नाही. पूर्ण पान मागणाऱ्या गेट विनंतीने बघा. ३०१ आणि ३०८ हे कायमचे बदल, तिथे नवा पत्ता लिहून टाकावा. ३०२ तात्पुरता असतो, त्याला घाईने हात लावू नये.

यादीत न येणाऱ्या लिंका जास्त त्रास देतात. सर्व्हर २०० म्हणतो आणि पानावर मात्र 'हे पान सापडलं नाही' असं लिहिलेलं असतं, किंवा सगळ्या जुन्या पत्त्यांवरून मुख्य पानावर आणून सोडलेलं असतं. कॅमेरा कंपन्यांच्या एसडीकेचं (प्रोग्रामरसाठीच्या लायब्ररी-संचाचं) तर नेहमीचंच: लिंक लॉगिनच्या पानावर जाते, साधन समाधानी होतं, वाचकाला फाइल मिळत नाही. कॅननच्या कॅमेरा कंट्रोल एपीआयसाठी (आपल्या प्रोग्राममधून कॅमेऱ्याला कमांड देण्याची सोय) डेव्हलपर म्हणून नोंदणी करावी लागते. अशा ठिकाणी लिंक न बदलता 'आधी नोंदणी करा' हे वाक्य घालणं हीच दुरुस्ती. आणखी एक धोका म्हणजे मुदत संपून दुसऱ्याने विकत घेतलेलं डोमेन. झिप किंवा फर्मवेअरची (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरची) लिंक अशा डोमेनवर जात असेल तर ती त्याच दिवशी काढावी, पर्याय नंतर शोधता येतो.

आता या विषयातली नेमकी अडचण. यादीत १०.५.५.९ किंवा १९२.१६८.१२२.१ असे पत्ते 'तुटलेले' म्हणून दिसतील. ते तुटलेले नाहीत. पहिला गोप्रोचा कॅमेरा स्वतःच्या वायफायवर घेतो तो पत्ता, दुसरा सोनीच्या अनेक मॉडेलांचा. कॅमेऱ्याच्या नेटवर्कमध्ये असल्याशिवाय ते उघडणारच नाहीत. २३९.२५५.२५५.२५० हा तर मल्टिकास्ट पत्ता (एकाच वेळी अनेक उपकरणांना हाक मारण्याचा), ब्राउझरमध्ये कधीच उघडत नाही. पोर्ट १९०० वर एसएसडीपी या उपकरणं शोधण्याच्या पद्धतीने कॅमेरा शोधतात. ऑनव्हिफ या सुरक्षा कॅमेऱ्यांच्या मानकाचे कॅमेरे याच पत्त्यावर पण पोर्ट ३७०२ वर उत्तर देतात. पत्ता तोच बघून दोन्हींचे पोर्ट 'एकसारखे' करू नका. पीटीपी-आयपी या नेटवर्कवरून कॅमेरा चालवण्याच्या पद्धतीचं १५७४० हे पोर्टही टंकलेखनाची चूक वाटतं, पण तो आकडा पीटीपीच्या आयएसओ मानकाचाच क्रमांक आहे. साधनाच्या सेटिंगमध्ये १०, १७२.१६ ते १७२.३१, १९२.१६८ आणि २३९ ने सुरू होणारे पत्ते वगळून टाका, म्हणजे पुढचा माणूस ते पुसून टाकणार नाही. ट्युटोरियलमध्ये ते लिंक म्हणून असतील तर साध्या कोड मजकुरात बदला.

यातूनच दुसरी गोष्ट निघते आणि ती फार कमी जण तपासतात. लॅपटॉप कॅमेऱ्याच्या वायफायला जोडला की त्याचं इंटरनेट जातं, कारण कॅमेरा पुढे कुठे जोडलेला नसतो. 'कॅमेऱ्याला जोडा' ही तिसरी पायरी आणि 'लायब्ररी इथून घ्या' ही चौथी, असा क्रम असेल तर वाचकासाठी त्यापुढच्या सगळ्या लिंका तुटलेल्याच. तक्रार 'लिंक चालत नाही' अशी येते, तुम्ही तपासता तेव्हा ती चालते. इथे पत्ता बदलायचा नसतो, पायऱ्यांचा क्रम बदलायचा असतो: सगळी डाउनलोड आधी, जोडणी नंतर.

मोबाइल अ‍ॅपच्या ट्युटोरियलमध्येही अशीच गफलत होते. फोनच्या ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता उघडतो, अ‍ॅपमध्ये नाही. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या अ‍ॅपला साधं (सांकेतिक न केलेलं) एचटीटीपी मुळातच बंद असतं. नेटवर्क सुरक्षा सेटिंगमध्ये त्या पत्त्यापुरती सूट द्यावी लागते. पत्त्यात एचटीटीपीएस घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण जुने कॅमेरे साधं एचटीटीपीच बोलतात.

खऱ्या मेलेल्या लिंका बहुतेक ठरावीक घराण्यांतल्या असतात, आणि घराणं ओळखलं की निम्मं काम झालं. गूगल कोड ही कोड ठेवण्याची सेवा २०१६ मध्ये बंद झाली, पण त्याचा वाचण्यापुरता संग्रह आहे. अर्दुइनोचं प्लेग्राउंड हे विकी २०१८ च्या अखेरीपासून फक्त वाचनासाठी उरलं. गिटहबवर शाखेचं नाव मास्टरचं मेन झालं की फाइलच्या पानाची लिंक आपोआप वळते, कच्च्या (रॉ) फाइलची वळत नाही. स्क्रिप्टमध्ये कच्ची लिंक असते, म्हणून ट्युटोरियल 'दिसतं' आणि चालत नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फोटो काढण्याची रास्पीस्टिल ही कमांड २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीत गेली, तिच्या जागी लिबकॅमेरा-स्टिल आली आणि २०२३ च्या बुकवर्ममध्ये तिचंही नाव आरपीआयकॅम-स्टिल झालं. या ठिकाणी नुसता नवा पत्ता टाकला तर पानावरची कमांड आणि मजकुरातली कमांड जुळत नाही.

ईएसपी३२-कॅम या कॅमेरा असलेल्या वायफाय बोर्डाचं उदाहरण सविस्तर बघण्यासारखं आहे. जुन्या ट्युटोरियलमधली बोर्ड पॅकेजची लिंक चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीच्या डाउनलोड सर्व्हरची असते; आता ती यादी गिटहब पेजेसवर आहे. नवी लिंक टाकली, अर्दुइनोच्या बोर्ड मॅनेजरने सर्वांत ताजी आवृत्ती उतरवली, आणि जुना कोड कंपाइलच होत नाही. कारण २०२४ च्या ३.० आवृत्तीत एलईडीसीची (एलईडीची चमक कमीजास्त करणारी) जुनी फंक्शन काढून टाकली गेली आणि फ्लॅशच्या एलईडीचा (पिन ४) कोड नेमका तीच वापरतो. उपाय दोन: 'बोर्ड मॅनेजरमध्ये २.० मालिकेतली आवृत्ती निवडा' असं लिंकेशेजारी लिहा, किंवा एलईडीसी-सेटअप आणि एलईडीसी-अटॅचपिन या दोन ओळींच्या जागी एलईडीसी-अटॅचची एक ओळ आणि पुढे पल्सची रुंदी लिहिताना चॅनेलऐवजी पिन क्रमांक, असा बदल करा. मग बोर्डावर चढवून बघा. चढवताना पिन ० ग्राउंडला जोडायची, झाल्यावर काढून रीसेट करायचं. नमुना वेबसर्व्हर पोर्ट ८० वर नियंत्रण आणि ८१ वर चित्रप्रवाह देतो. पान दिसतं पण चित्र येत नाही, तेव्हा फायरवॉलमध्ये ८१ अडलंय का ते आधी पाहा.

कंपन्यांच्या एपीआयबाबत पिढी बघितल्याशिवाय लिंक बदलू नये. गोप्रो हीरो ३ ला पत्त्यातच पासवर्ड द्यावा लागतो, हीरो ४ पासून मार्ग बदलला, आणि ओपन गोप्रो हा गोप्रोचा आताचा एपीआय हीरो ९ पासून पुढे, पोर्ट ८०८० वर. सोनीचा जुना कॅमेरा रिमोट एपीआय जेसन या मजकूर-स्वरूपात बोलतो. आजचा कॅमेरा रिमोट एसडीके ही सी++ लायब्ररी आहे आणि तिच्या कॅमेऱ्यांची यादीही निराळी. नावं जवळची म्हणून एकाची लिंक दुसऱ्याला लावणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. इथे जुन्या पानाची संग्रहित प्रत द्यावी आणि ट्युटोरियलच्या डोक्यावर कोणत्या मॉडेलांसाठी हे आहे ते लिहावं.

संग्रहित प्रत म्हणजे बहुधा जुनी वेबपानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवरची प्रत. तिच्या पत्त्यात १४ अंकी वेळ असते, वर्षापासून सेकंदापर्यंत. सर्वांत नवी प्रत घेऊ नका, ती बऱ्याचदा 'पान सापडलं नाही' याचीच प्रत असते. ट्युटोरियल लिहिलं गेलं त्या तारखेच्या जवळची निवडा. पान साठवलेलं असलं तरी त्यावरची झिप साठवलेली असेलच असं नाही, ती वेगळी क्लिक करून उतरवून बघा. पूर्ण रिपॉझिटरी गायब असेल तर सॉफ्टवेअर हेरिटेज या कोडच्या संग्रहात शोधा. सापडलेली एसडीकेची झिप स्वतःच्या रिपॉझिटरीत टाकू नका, परवाना बहुतेकदा तशी परवानगी देत नाही. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ (फाइल तीच आहे का ते ओळखण्याचा आकडा) मात्र मजकुरात नोंदवा.

नवी लिंक लिहिताना गिटहबच्या पानावर वाय ही कळ दाबली की पत्त्यात शाखेऐवजी कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) क्रमांक येतो. ओळ क्रमांक दाखवायचे असतील तर हेच वापरा, नाहीतर महिन्याभरात ती ओळ सरकलेली असते. लिंकेचा मजकूर 'इथे क्लिक करा' असा ठेवू नका. लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती लिहिली असेल तर पत्ता मेल्यावरही वाचकाला ती शोधता येते. बदल जमा करताना साध्या पुनर्निर्देशनांचे बदल एका विनंतीत (पुल रिक्वेस्टमध्ये), अर्थ बदलणारे प्रत्येकी वेगळ्या विनंतीत द्या. तपासणाऱ्याला दुसऱ्या प्रकारासाठी कॅमेरा हातात घ्यावा लागतो. कोणत्या मॉडेलवर, कोणत्या फर्मवेअरवर चालवून पाहिलं ते वर्णनात लिहा. हातात कॅमेरा नसेल तर तसंही लिहा, मग कोणीतरी दुसरं तेवढा भाग चालवून बघतं.

आपोआप तपासणी आठवड्यातून एकदा लावा, प्रत्येक बदलावर नको. कुणाचा तरी सर्व्हर तासभर बंद पडला म्हणून दुसऱ्याचं चांगलं काम अडून राहतं. सलग दोन आठवडे लिंक पडलेली दिसली, की मग तिच्यासाठी इश्यू (तक्रारीची नोंद) उघडा.